कूलर विसरलेली खिडकी

नागपुरात जन्म काढूनही कूलर विसरू शकणारी एक बाई मला ठाऊक आहे. तेव्हा ती साठ वर्षांची होती, कचेरीतून नुकतीच निवृत्त झालेली, आणि आपल्याला सगळं येतं अशी तिची पक्की समजूत होती. आता मी बहात्तरीची झाले आहे, म्हणून तिला नावं ठेवायची मला मोकळीक आहे. दुसऱ्या कुणी ठेवली तर मात्र मी ऐकून घेणार नाही.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास आमच्या ह्यांचं बायपासचं ऑपरेशन झालं, रामदासपेठेत. घरी सोडायच्या आधी डॉक्टर मला म्हणाले, "काकू, आता औषधापेक्षा झोप महत्त्वाची. धूळ नको, खोकला नको, जास्त बोलणं नको." ह्यांना खोकला आला की उशी छातीशी कवटाळून बसावं लागे, आणि टाके ओढले की चेहरा असा होई की मी दुसरीकडे बघे. आणि नेमका त्याच महिन्यात धरमपेठेतल्या आमच्या घरापुढचा रस्ता सिमेंटचा करायला घेतला होता. खणलेला रस्ता आणि ह्यांचा पलंग यांच्यामध्ये होती फक्त एक सागवानी खिडकी. खालचं लाकूड वाळवीनं खाल्लेलं. एक झडप लागत नसे आणि दुसरी लागली तर उघडत नसे.

मी ठरवलं, खिडकी बदलायची. हल्ली मिळतात तशी पांढरी प्लास्टिकची, घट्ट बंद होणारी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, खिडकी आठ दिवसांत देतो. पण बसवणारी माणसं गावी गेली हरभऱ्याले. होळीनंतरच येतील."

होळीनंतर! रस्ता खणलेला आज, आणि खिडकी होळीनंतर! मी म्हटलं, "खिडकी द्या, बसवते मी."

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. उलट कागदावर काढून दाखवलं. चौकट भिंतीच्या भोकापेक्षा थोडी लहान असते, भोवती फट ठेवायची, पाचरी मारून सरळ करायची, पट्ट्यांनी भिंतीला पक्की करायची आणि मग फटीत फोम मारायचा. शेवटी त्यानं विचारलं, "स्लायडिंग अर्धीच उघडते, चालेल ना?"

यावर त्या साठ वर्षांच्या पोरीनं दिलेलं उत्तर मला अजून शब्दनशब्द आठवतं. ती म्हणाली, "धूळ येऊ नये म्हणून तर खिडकी करतेय मी. अर्धी तरी कशाला उघडू?"

आता सांगून टाकते. आमच्याकडे उन्हाळ्यात खिडकी ही खिडकी नसतेच, ती कूलरची जागा असते. बाहेर लोखंडी घोडीवर कूलर चढवायचा, त्याचं तोंड खिडकीत घालायचं, उरलेल्या फटीला प्लायवूडचे तुकडे लावायचे, की चार महिने तिकडून आकाश दिसत नाही. त्या जुन्या खिडकीचे मधले गज कूलरच्या तोंडासाठी आम्हीच कापून घेतले होते. शिवणाच्या टेपनं मी तीनदा माप घेतलं, तिन्ही वेळा त्या कापलेल्या गजांच्या टोकांना माझा हात लागला. हे कशाला कापले होते बरं, असं एकदाही मनात आलं नाही. जानेवारी होता, अंगावर स्वेटर होता आणि कूलर गच्चीवर ताडपत्रीखाली होता.

ह्यांना घरी आणलं ते खिडकी होईपर्यंत मागच्या खोलीत दिवाणावर. खिडकी आली त्या दिवशी मी हातोडी, छिन्नी, करवत, पेचकस आणि पहार घेऊन रस्त्याकडच्या खोलीकडे निघाले, तेव्हा हे उशीवरून मान उचलून म्हणाले, "अवं, एक विचारू का तुले?"

"बोलायचं नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"तसं नाही, ते उन्हाळ्यात..."

"उन्हाळा दूर आहे. पडा."

ते पडले. चाळीस वर्षांच्या संसारात माझं इतकं पटकन कधी ऐकलं नव्हतं, म्हणून मला फार बरंही वाटलं.

जुनी चौकट काढणं म्हणजे कुजलेला दात काढणं नव्हे. कुजलेला दात हलतो तरी. वाळवीनं खालचं लाकूड पोकळ केलं होतं, पण वरचं आणि बाजूचं सागवान अजून दगडासारखं. छिन्नीनं भोवतीचं प्लास्टर फोडलं, खालची पट्टी करवतीनं मधोमध कापली, आणि मग पहारीवर स्वतःचं सगळं वजन टाकलं. चौकट निघाली. तिच्याबरोबर वरच्या दोन विटा आणि पन्नास वर्षांची माती निघाली, ती माझ्या डोक्यावर. धूळ नको म्हणून जे काम काढलं, त्यानं रस्त्यावर महिनाभर उडाली नसेल एवढी धूळ अर्ध्या तासात घरात केली. मागच्या खोलीतून खोकला ऐकू आला. मी दाराच्या फटीला ओलं पातळ कोंबलं आणि रडावं की शिव्या द्याव्यात हे न ठरल्यामुळे दोन्ही केलं.

नवी चौकट उभी करायला शेजारीण आली. तिचं माहेर काटोलकडचं, तोंड तिखट आणि हात मजबूत. पाण्याची नळी दोन टोकांना धरून आम्ही लेव्हल बघत होतो. ती म्हणाली, "वहिनी, तुमच्या बाजूचं पानी खाली हाय."

"तुझी बाजू वर आहे."

"मी तं जिथल्या तिथं उभी हावो वं! तुम्हीच खाली बसून राहिल्या."

खरंच, गुडघे दुखतात म्हणून मी हळूहळू खाली बसत चालले होते आणि नळीही माझ्याबरोबर बसत होती. पाचरी मारल्या, काढल्या, पुन्हा मारल्या. भिंतीत भोकं पाडून लाकडी गुट्ट्या ठोकायच्या होत्या, त्यांत पट्ट्यांचे स्क्रू जाणार. एकेका भोकाला पाऊण तास. अंगठ्यावर हातोडी दोनदा बसली, दोन्ही वेळा त्याच अंगठ्यावर.

दोन विटा पडल्यानं वरची फट चांगली चार बोटं झाली होती. शहाण्या माणसानं तिथे विटेचे तुकडे आणि सिमेंट भरलं असतं. मी फोम भरला. डब्यातून पिवळा फेस निघतो आणि बघता बघता फुगतो. डब्यावर लिहिलं होतं, थोडा मारा. मी काय भज्याचं पीठ पहिल्यांदा पाहत होते? थोड्यानं कुणाचं भागलंय! दोन डबे रिकामे केले. फोम पाटल्यांना चिकटला, केसांना चिकटला, चष्म्याला चिकटला. रॉकेल लावलं, खोबरेल लावलं. पाटल्या आठ दिवस हातावर फिरत नव्हत्या.

सकाळी बघते तर फोम फुगून फटीबाहेर आलेला, कढईबाहेर आलेल्या दुधासारखा. मी शेजारणीला म्हटलं, "बघ, कसा गच्च बसलाय. पहाड कोसळला तरी हलणार नाही." बाहेर आलेला भाग कापून टाकला, वर पांढरं सिलिकॉन फिरवलं. सरकत्या काचा जरा अडखळत होत्या, त्यांना मेणबत्ती घासली. ह्यांना खोलीत आणलं. खिडकी लावली, आणि रस्त्यावरच्या मशीनचा आवाजसुद्धा मऊ झाला. हे खिडकीकडे बराच वेळ बघत राहिले.

"छान झाली. पण मी काय म्हनतो..."

"म्हणू नका. झोपा."

ते झोपले. सलग, उशी न कवटाळता. तो महिनाभर मी ज्याला त्याला खिडकी दाखवली. गॅसवाल्यालाही.

मग होळी आली. कॉलनीची पोरं लाकडं मागायला आली, तेव्हा मी मोठ्या मनानं जुनी चौकट आणि दोन्ही झडपा देऊन टाकल्या. चांगली जळली. सागवानाचा जाळ काही वेगळाच असतो. मी नारळही टाकला त्यात.

होळीनंतर आठ दिवसांत उन्हानं डोळे वटारले. शेजारीण आणि तिचा नवरा यांनी कूलर गच्चीवरून खाली आणला, मी वाळ्याच्या नव्या ताट्या आणल्या, घोडी खिडकीखाली ठेवली, त्यांनी कूलर वर चढवला. मी आतून काच सरकवली. कूलरचं तोंड आलं, काचेला टेकलं आणि थांबलं.

बाहेरून शेजारणीचा आवाज आला, "उघडा नं पूर्ण!"

"पूर्णच उघडली आहे."

मग पलंगावरून, उशीत तोंड खुपसून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. हसताना ह्यांची छाती दुखत होती, तरी थांबवत नव्हते.

"काय झालं हसायला?"

"बोलू का?"

"बोला!"

"मी पहिल्याच दिवशी विचारून राहिलो होतो. कूलर कुठं लावशील? तू बोलूच देत नव्हती, तं मी काय करू गा?"

मला 'गा' म्हणाले. पुरुषाला म्हणतात तसं. इतक्या हातोड्या मारल्यावर बहुतेक मी त्यांच्या लेखी गडीमाणूस झाले होते.

एसी लावा, असं फोनवर सगळे म्हणत होते. ह्यांचे एसीत सांधे धरतात, आणि वाळ्याच्या वासाशिवाय दुपारी त्यांचा डोळा लागत नाही. पंखा गरम हवा फिरवत होता. दुपारी हे पलंगाच्या कडेला बसून राहत, ओला पंचा खांद्यावर, पाय जमिनीवर. पहिल्या दिवशी झोपले नाहीत, दुसऱ्या नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी घेऊन गेले तर बसल्या बसल्या डुलक्या येत होत्या, तरी आडवे होईनात. आता ते हसतही नव्हते. ज्या झोपेसाठी मी भिंत फोडली होती, ती झोप मीच माझ्या हातांनी, लेव्हल लावून, बंद करून टाकली होती.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "काही टेन्शन नाही मॅडम. दोन्ही काचा काढून ठेवा, चौकट पूर्ण मोकळी होते. काच वर उचला, खालची बाजू आत ओढा. दोन मिनिटांचं काम."

मी वर उचलली. उचलली जाईना. शेजारणीनं उचलली. तिच्या नवऱ्यानं उचलली, कमरेला हात लावून खाली बसला. परत फोन.

"फोम किती मारला होता?"

"दोन डबे."

"मॅडम, एका डब्यात दोन खिडक्या होतात. फोमनं वरची पट्टी खाली दाबली. काचेला वर जायला जागाच नाही ठेवली तुम्ही."

म्हणजे काच अडखळत होती तेव्हाच खिडकी मला सांगत होती, आणि मी तिला मेणबत्ती घासून गप्प केलं होतं. घरात जो बोलायला जाईल त्याला गप्प करायचं, असा त्या बाईचा तेव्हा कार्यक्रमच होता.

पुढच्या दोन दुपारी मी स्टुलावर उभी राहून माझं स्वतःचं काम उकरलं. पाव कापायच्या सुरीनं, करवतीच्या तुटक्या पात्यानं, शेवटी उलथन्यानं. वाळलेला फोम वरून मऊ आणि आत चिवट. सुरी आत जाते, अडकते, ओढली की मूठ हातात येते. पिवळा चुरा डोळ्यांत, ब्लाउजमध्ये, तोंडात. सिलिकॉन निघालं तेही लांबच लांब, जणू मी ते हौसेनं लावलं होतं. खाली पलंगाची कड रिकामी. हे मागच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते, मला चपलांचा आवाज येत होता. तेवढा आवाज ऐकत मी उकरत होते. कधी वाटे थांबावं आणि खिडकीच फोडून टाकावी. एकदा हातोडी उचललीही. शेजारीण खालून म्हणाली, "फोडा वहिनी, पन आधी मले बाजूले होऊ द्या." मग नाही फोडली.

दुसऱ्या दुपारी, दोनच्या सुमारास, वरच्या पट्टीचे स्क्रू सैल केले आणि चौकट कुरकुरली. एक बारीक कुईं असा आवाज, आणि मधला पोट आलेला भाग वर गेला. काच उचलली. ती उचलली गेली. इतकी सहज, की मी तोल जाऊन काचेसकट स्टुलावरून शेजारणीच्या अंगावर आले.

दोन्ही काचा कपाटामागे उभ्या केल्या. तेव्हापासून दर होळीनंतर त्या तिथेच जातात आणि पावसाळा लागला की परत येतात. खिडकी बसवली म्हणजे काय, तर वर्षातले चार महिने ती कपाटामागे बसते. त्या दुपारी मात्र कूलरचं तोंड एकदाचं आत आलं. फटीला तेच जुने प्लायवूडचे तुकडे लावले. पाणी भरलं. मोटर खोकली, मग चालू झाली, आणि ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला. बाहेर रस्ता अजून खणलेलाच होता. सगळी धूळ ओल्या ताट्यांत अडकत होती. म्हणजे होळीपर्यंत जुन्याच खिडकीला चादर लावून भागलं असतं. हे गणित मी त्या दिवशी पूर्ण केलं नाही, फार दमले होते.

हे आले, पलंगावर आडवे झाले. मी जमिनीवर भिंतीला टेकून बसले. सांगायचं खूप होतं. फोम कसा चिवट, स्क्रू कसा फिरत नव्हता, आणि तुम्ही पहिल्या दिवशी जोरात का नाही बोललात. तोंड उघडलं तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. डॉक्टर करत तसं. मग ते बोट तिथून घरंगळून छातीवर पडलं, आणि ते घोरू लागले.

दोन तास मी गप्प बसले. चुरा झटकायलासुद्धा उठले नाही, पाटल्या वाजतील म्हणून.

पाचला डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, केसांत पिवळा फोम, गालावर सिलिकॉन.

"अवं, बोलू का आता?"

"बोला," मी म्हटलं. म्हटलं आता माफी मागतील, नाहीतर शाबासकी तरी देतील.

"चहा टाक."