तारीख, वेळ आणि मोर्शीचा पाऊस

आमच्या अकोल्याच्या ऑफिसात पावसाच्या नोंदी कमी आणि त्यांचे किस्से जास्त जमतात. गावोगावचे लोक सवडीने फोनवर पाऊस आणि तापमान कळवतात, आम्ही त्यांचे आलेख काढतो. आम्ही म्हणजे मी आणि अमरावतीहून रोज एसटीने येणारा प्रफुल्ल. यंदा तर कहरच झाला! साहेबांनी फर्मान काढलं, "मोर्शीच्या गावंडे काकांच्या नोंदी बनावट वाटतात. सोमवारी नीट आलेख दाखवा, नाहीतर ते केंद्र बंद!" काका कित्येक वर्षं आपल्या संत्र्याच्या बागेत पाऊस मोजतात.

आम्ही सगळ्याच आलेखांची झडती सुरू केली.

पहिलाच अचलपूरचा. सात मेला धो धो पाऊस! प्रफुल्ल खुर्चीवरून उडालाच. "ताई, रेकॉर्ड!" मी अचलपूरला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "मॅडम, मे महिन्यात आमच्या इथं फक्त घाम गयते!" पाच जुलैचा ५/७ कॉम्प्युटरने अमेरिकन पद्धतीने वाचला होता. बारा तारखेनंतरच्या तारखा त्याला कळेचनात, म्हणून तिथून पुढचा पाऊस त्याने गायबच केला!

अकोल्याच्या यंत्राची तऱ्हा त्याहून भारी. सकाळी नऊला पारा त्रेचाळीसवर! प्रफुल्ल म्हणाला, "ताई, नऊले त्रेचाळीस, तं दुपारी तुमी अकोलेवाले जित्ते कसे रायता?" यंत्राचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर होतं. साडेपाच तास मिळवले आणि ऊन अडीच वाजता, म्हणजे आपल्या जागी आलं.

परतवाड्याचे नोंदवाले मुलीच्या लग्नाच्या गडबडीत दहा दिवस नोंदी विसरले. आलेखाने आधीच्या पावसापासून नंतरच्या पावसापर्यंत सरळ रेघ ओढली, म्हणजे दहाही दिवस पाऊस! विचारलं तर ते भडकलेच. "माह्या पोरीच्या मांडवात एक थेंब नाही पडला! व्याह्यायले साक्षीले आणू काय?" तेव्हापासून नोंद नसेल तिथे आम्ही रेघ तोडतो.

आता गावंडे काका. बागेत रेंज नाही, त्यामुळे त्यांचे सगळे मेसेज एकदमच येऊन पडत. प्रफुल्लने मागेच त्यांना वेळ लिहायला सांगितलं होतं, तर त्यांनी लिहिलं होतं, 'परतवाड्याची बस गेल्यावर'.

"काका, बस किती वाजता जाते?"

"ते मले काय विचारतं? बसले विचार!"

शेवटी काका घड्याळ पाहून वेळ लिहू लागले होते. आता त्या वेळा मांडायला बसलो आणि माझंच पितळ उघडं पडलं! जुन्या आलेखात मी त्यांच्या नोंदी वेळ न बघता रोजची एक धरून मांडल्या होत्या. एका दुपारच्या सहा नोंदी सहा दिवसांवर पसरल्या होत्या. चूक माझी आणि बदनाम काका! फार लाज वाटली.

मग नवा आलेख काढला. प्रत्येक ठिपका आपापल्या वेळेवर टाकला. शेजारच्या बागेत नुकत्याच बसवलेल्या यंत्राची रेघ त्यावर ठेवली, तर ठिपके बरोब्बर रेघेवर! आम्ही दोघं ऑफिसात अक्षरशः नाचलो.

साहेब मात्र सहजासहजी मानणाऱ्यांतले नाहीत. सोमवारी आलेख बघून त्यांनी भुवई उंचावली, केंद्र बंद करायच्या कागदावर पेन टेकवलं आणि स्पीकरवर काकांना फोन लावला.

"काका, पावसाच्या दिवशी सहा-सहा नोंदी करता. मग कोरड्या दिवशी शून्य का लिहीत नाही?"

आम्ही दोघं फोनजवळ सरकलो.

"साहेब, जो आलाच नाही, त्याची हजेरी मी काहून लावू?"

साहेबांनी पेन खिशाला लावलं आणि कागद माझ्या हातात दिला. "फाडून टाका."