बोंबलाच्या माचेवर रुखवताच्या कुरडया

लिफ्टमध्ये मावशीने पिशवीत हात घातला आणि तो ओला बाहेर आला.

बाराव्या मजल्यापर्यंत ती बोटं पदराला पुसत राहिली. मग म्हणाली, "पाणी कुणी घातलं?"

पाणी कुणी घातलं नव्हतं. सकाळी साडेआठला डोंबिवलीत तिच्या गच्चीवरून आम्ही कुरडया गोळा केल्या तेव्हा त्या उन्हाने गरम होत्या. आत ओलसर, वरून कडक. वॉटरप्रूफिंगवाले एक दिवस आधीच आले होते आणि डांबराचे डबे घेऊन जिन्यात उभे होते. घाईत सगळं प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत भरलं, तोंड दोरीने आवळलं आणि टॅक्सीत बसलो. टॅक्सीत एसी होता. पिशवी मी मांडीवर घेतली होती, थेट झोताखाली. गरम कुरडयांतून निघालेली वाफ थंड प्लास्टिकला लागून परत पाणी झाली होती.

परवा मावशीच्या मुलीचं, केतकीचं लग्न. रुखवतात काय काय मांडायचं ते मावशीने दिवाळीपासून ठरवलं होतं, आणि मधोमध कुरडयांचा मनोरा. गहू तीन दिवस भिजवावा लागतो, मग वाटून चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्याने पाडायच्या. या कुरडया गेल्या तर लग्नाआधी दुसऱ्या होणं शक्य नव्हतं. विकतच्या आणण्याचं मी सुचवून पाहिलं. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी विषय बदलला.

म्हणून हा प्रवास. डोंबिवली ते घोडबंदर रोड आणि परत, एका दिवसात, उन्हाच्या शोधात. कुणाला जायचं असेल तर माणकोलीच्या पुलावरून जा. खाडी ओलांडताना दोन्हीकडे तिवरं दिसतात, वाऱ्याने गाडी जराशी हलते, आणि कल्याण-शिळ रस्त्याचा वैताग वाचतो. माजिवड्यानंतर मात्र काही वाचत नाही. आम्हाला दीड तास लागला, टॅक्सीचे साडेसहाशे झाले.

घोडबंदर रोडला माझी कॉलेजची मैत्रीण वैशाली राहते, एकोणिसाव्या मजल्यावर. टॉवर उभा आहे ती जमीन तिच्या वडिलांची होती. त्यांना आबा म्हणतात, तेही तिथेच राहतात. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी मिठागरात काम केलं, नंतर भात लावला, नंतर जमीन दिली आणि बदल्यात फ्लॅट घेतले. अजून चप्पल दाराबाहेर काढून पाहुण्यासारखे स्वतःच्याच घरात येतात.

वैशालीची बाल्कनी काचबंद आहे. तिथे मावशीने जुनी साडी अंथरली, एकेक कुरडई पुसून मांडली. खाली मेट्रोचं काम चालू होतं, धूळ येत होती. आम्ही सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या. बाल्कनी भट्टीसारखी तापली. मावशी खूश झाली. हॉलमध्ये एसी लावून, मधलं काचेचं दार सरकवून आम्ही पन्हं प्यायलो.

तासाभराने त्या दारातून पलीकडचं दिसेना. काच बाल्कनीच्या बाजूने धुरकटली होती. मावशी म्हणाली, धूळ. आबा उठले, दार सरकवून पलीकडे गेले आणि बोटाने काचेवर एक रेघ ओढली. रेघेच्या टोकाला थेंब जमला आणि खाली ओघळला.

"ही तुझी कुरडई," आबा म्हणाले.

मग त्यांनी समजावलं, सावकाश, शाळेतल्या मुलींना सांगावं तसं. पाणी कुरडईतून निघालं होतं, उन्हाने आपलं काम केलं होतं. पण निघून जाणार कुठे? कोंडलेल्या हवेचं पोट भरलं की ती आणखी पाणी घेत नाही. जे घेतलं तेही थंड काच दिसली की तिथे टाकते. मिठागरात त्यांनी हे तरुणपणी रोज पाहिलं होतं. कडक ऊन आणि पडलेला वारा असला की मिठाच्या वाफ्यातलं पाणी आटत नसे. थोडं कमी ऊन आणि वारा असला की संध्याकाळपर्यंत कडेला मीठ दिसे.

"ऊन नाय सुकवत गो. ऊन पानी उठवतं. नेतो तो वारा."

मावशी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं तिने बाष्पीभवन शिकवलं. फळ्यावर समुद्र, सूर्य, ढग आणि बाण काढले. ती म्हणाली, हे मला माहीत आहे. आबा म्हणाले, मग खिडकी कोनी लावली?

वैशाली हसू दाबायला स्वयंपाकघरात गेली.

टॉवरच्या गच्चीला कुलूप होतं आणि कुलपाशेजारी पाटी होती, वाळवण घालू नये. सोसायटीच्या त्या ठरावावर आबांनी स्वतः सही केली होती, असं वैशालीने सांगितलं. तेव्हा आम्ही रिक्षा करून गावठाणात गेलो. दहा मिनिटांचा रस्ता. टॉवर संपतात, रस्ता अरुंद होतो, एक विहीर, एक देऊळ, आणि पलीकडे खाडी. आबांचं जुनं घर दुमजली, वर सपाट गच्ची. तिथे एका पसरट पत्र्याच्या ताटात ते अजून दर उन्हाळ्यात खाडीचं पाणी ठेवून मूठभर मीठ करतात. जेवणात वापरत नाहीत. करायचं म्हणून करतात.

गच्चीवर वारा होता. मावशीचा पदर उडाला. आणि तिथेच एक बांबूची माच होती, कमरेइतकी उंच, वर जुनं जाळं ताणलेलं. वरून ऊन, खालून वारा. कुरडयांसाठी यापेक्षा चांगली जागा माझ्या डोक्यात आली नसती.

"हिच्यावर काय वाळवता?" मावशीने विचारलं.

"बोंबील," आबा म्हणाले.

मावशी शाकाहारी. व्याही त्याहून शाकाहारी. तिने माचेकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. साडेबारा वाजले होते. खाली अंथरायचं तर गच्ची धुळीची होती, आणि जमिनीवर खालून वारा लागत नाही हे तिला आता शिकवून झालं होतं.

आबांनी बादलीने माच दोनदा धुतली. जाळं डोळ्यांसमोर सुकलं. मावशीने वाकून वास घेतला. मग आबांनीही घेतला, तेवढ्याच गंभीरपणे.

"वास वल्याला येतो," ते म्हणाले. "सुकल्याला नाय."

मावशीने माझी मलमलची ओढणी मागितली, दुहेरी अंथरली आणि पहिली कुरडई ठेवली. मग म्हणाली, "केतकीला कळता कामा नये." थोड्या वेळाने म्हणाली, "तिच्या सासूला तर मुळीच नाही."

जेवण वैशालीच्या काकूंकडे झालं, त्याच घराच्या तळमजल्यावर. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कैरीचं लोणचं. आबांसमोर बर्फाच्या पाण्याचा स्टीलचा पेला होता. ते पीत नव्हते, बघत होते. फ्रिज आल्यापासून त्यांची ही सवय आहे. पेल्याला बाहेरून किती लवकर घाम येतो त्यावरून ते हवेत पाणी किती ते ठरवतात. पेला ठेवल्याबरोबर भिजला तर वाळवण सावकाश होणार. त्या दिवशी त्यांनी भाकरीचे चार घास खाल्ले तेव्हा पेल्यावर पहिला थेंब आला. बरं हाय, ते म्हणाले. मावशीने तिचाही पेला बाजूला ठेवला आणि घास मोजले.

दर तासाला आम्ही कुरडया उलटल्या. साडेपाचला आबांनी त्या उचलायला लावल्या. ऊन होतं अजून, पण त्यांचं म्हणणं, हवा थंड व्हायला लागली की घेतलेलं पाणी परत करते, आणि ते तुमच्याच कुरडईवर ठेवते. लगेच डब्यात भरायच्या नाहीत, टोपलीत उघड्या निवू द्यायच्या. मावशी हे वहीत लिहून घेत होती. चाळीस वर्षं शिकवलेलं.

परतीच्या टॅक्सीत मावशीने एसी बंद करायला लावला. चालक म्हणाला, मॅडम, पैसे तेवढेच होतील. होऊ देत, मावशी म्हणाली. मानपाड्यापासून माजिवड्यापर्यंत एक तास आम्ही तिघे घामाने निथळत बसलो. टोपली मधल्या सीटवर, वर पातळ फडकं. घाम फक्त तिला नव्हता.

निघताना आबांनी कागदाच्या पुडीत थोडं मीठ दिलं होतं. डब्याशेजारी वाटीत उघडं ठेवा, ते भिजलं तर हवा ओली समजा आणि झाकण उघडू नका. घरी आल्यावर मावशीने कुरडया डब्यात भरल्या आणि तसंच केलं. मीही माझ्या घरी आता खिडकीत एक वाटी ठेवते. कपडे वाळत घालण्याआधी बघते. हवेत पाणी आहे हे मला शाळेपासून माहीत होतं, मावशीनेच शिकवलं होतं. पण त्याचा येण्याजाण्याचा रस्ता त्या दिवशी दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीतलं मीठ ओलं झालं होतं. तरीही मावशीने डब्यातून पटकन एकच कुरडई काढून झाकण घट्ट लावलं आणि ती तळली. ती दुप्पट फुलली. अर्धी तिने मला दिली, अर्धी केतकीला. केतकी म्हणाली, छान आहे, जराशी खारट आहे का? मावशी म्हणाली, नाही.