लाल गाडीचं दार

इथे आखातात, दार्सैतला आमच्या बिल्डिंगखाली एक शेजारी दर शुक्रवारी लाल स्पोर्ट्स कार जोडत बसतो. सुटे भाग मागवून चाललेली महागड्या गाडीची नक्कलच. पण एसी दुरुस्त करणाऱ्याला असले शौक परवडतात कसे? मला पहिल्यापासून संशय. तीन वर्षं विचारतोय, "कधी होणार?" बोल्ट पुसत तो म्हणतो, "इन्शाल्ला, पुढच्या शुक्रवारी."

काल खिडकीतून पाहिलं, तर गेल्या शुक्रवारी बसवलेलं शेवटचं दार तो उतरवत होता. भाग विकतोय लेकाचा! मी तडक खाली गेलो.

"बसवलेलं दार काढताय?"

तो ओशाळला. "पुरी झाली की वाहतूक पोलिसांच्या तपासणीला न्यावी लागेल, भाऊ. त्यांनी नापास केली की खलास. जरा धरा."

मी दार धरलं.