पाच नंबरची टाकी

मोहोपाड्याच्या एका केमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरीला लागून तेव्हा तीन वर्षं झाली होती. आमच्या कशेळ्याकडच्या गावातून कारखान्यात नोकरीला जाणारी मुलगी मी एकटीच. त्यामुळे माझं कौतुक जरा जास्तच व्हायचं, आणि मलाही ते आवडायचं.

त्या दिवशी माल घेणाऱ्या कंपनीचे तीन पाहुणे आले होते. मीटिंगच्या खोलीत आमच्या साहेबांनी भिंतीवर माझा त्या सकाळचा रिपोर्ट लावला आणि म्हणाले, "ही आमची सगळ्यात काटेकोर मुलगी. हिचा आकडा आम्ही दुसऱ्यांदा बघत नाही."

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लाजून रिपोर्टकडे पाहिलं आणि नजर एका ओळीवर अडली. पाच नंबरच्या टाकीतल्या मालात पाणी सगळ्यात कमी दाखवलं होतं. पण ती टाकी तर आदल्या दिवशीच धुतली होती! तिच्यातला माल इतका कोरडा कसा असेल? मग आठवलं. नमुने आले तेव्हा फोन वाजला होता, आणि बोलता बोलता मी दोन बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. दोन नंबरची पाचवर, पाचची दोनवर.

पाच नंबरचा माल भरलेला टँकर गेटवर कागदांची वाट बघत उभा होता.

गप्प बसून नंतर साहेबांना एकटं गाठावं, असं क्षणभर वाटलं. पण तोवर टँकर गेला असता. मी उभी राहिले.

"सर, हा रिपोर्ट चुकलाय. माझ्याकडून. टँकर थांबवा."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. शेवटी पाहुण्यांतल्या वयस्कर बाई म्हणाल्या, "चला, आमच्यासमोरच पुन्हा तपासा."

प्रयोगशाळेत पाच नंबरचे ताजे नमुने मागवले. त्या माझ्या पाठीशी उभ्या, साहेब दारात. पहिला नमुना माझ्याकडून टेबलावरच सांडला. "सावकाश," बाई म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला जमलं. पाच नंबरच्या मालात पाणी मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. टँकर परत आत घेतला.

संध्याकाळी साहेबांनी मेमो हातात दिला. "द्यावाच लागतो," एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आईनं पहिलं विचारलं, "नोकरी ऱ्हायली ना गं?"

"राहिली."

बाबा भाताच्या रोपांना पाणी सोडून नुकतेच आले होते. त्यांनी मेमो हातात घेऊन उलटसुलट बघितला. त्यांना इंग्रजी येत नाही.

"काय लिवलंय?"

"माझी चूक झाली, असं."

"आनि ती दावली कुनी?"

"मीच. सगळ्यांच्या समोर."

बाबांनी मेमोची नीट घडी घालून माझ्या हातात परत दिला. मग आईला म्हणाले, "पोरीला च्या दे गं. दमून आली हाय."

दुसऱ्या दिवशी कर्जतच्या चार फाट्यावर कंपनीच्या बसमध्ये चढले, तेव्हा सगळ्यांना बातमी कळलेली होती. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "टँकरवाली आली." हशा पिकला. माझे कान तापले, पण मान खाली गेली नाही. मी नेहमीच्या जागेवर, खिडकीशी जाऊन बसले.

तो मेमो मी नेमणुकीच्या पत्राबरोबर एकाच फाईलमध्ये लावलाय. नेमणूक मला त्यांनी दिली होती. मेमो मी स्वतः कमावलाय.