काकीने दिलेला निखारा

आमच्या रानाचा गार्ड बोलायच्या आधी दोनदा खाकरायचा. मग मान वर, डोळे मिटलेले, आणि आरती म्हणावी तसे नियम. होळी झाली की पावसापर्यंत रानात विस्तव न्यायचा नाय. बिडी ओढायची नाय. गाडी रस्ता सोडून घालायची नाय, मग ती बैलगाडी का असेना. मी महाडला हायस्कुलात होतो. सुटीला कुडपणच्या खालच्या वाडीत काकाकडे गेलो की माझी ही नक्कल फर्माइशीवर चालायची. खाकरणं, पुढे काढलेलं पोट, सगळं. काकी तोंडाला पदर लावून हसायची.

त्या उन्हाळ्यात काकाने राब रचून ठेवला होता. नाचणीचं रोप टाकायचं त्या जागेवर पाला, काटक्या, शेण, गवत असे थर घालायचे आणि पावसाआधी भाजायचे. न भाजता टाकलेलं रोप पिवळं पडतं. पण आगबंदीत राब भाजायला गार्डची चिठ्ठी लागायची. ती द्यायचं त्याने तोंडाने कबूल केलं होतं, आणि त्या तोंडाने आमचा एक कोंबडाही खाल्ला होता.

एक दिवस सकाळीच जीप आली. रस्त्याने नाही. वणवा अडवायला डोंगरात जो पट्टा साफ करून ठेवतात, त्यावरून गुरगुरत वर आली आणि पट्टा संपल्यावर सरळ वाळक्या गवतात घुसली. आत कुठलेसे मोठे साहेब, दोन पाहुणे, ड्रायव्हर, आणि मागे पाय दुमडून आमचा गार्ड. शेजाऱ्याची बैलगाडी चार हात रस्त्याबाहेर गेली म्हणून त्याला दिवसभर उन्हात बसवणारा हाच माणूस. आता तो उतरून जीपपुढचे धोंडे उचलत होता.

त्यांनी ससा मारला आणि वहाळाच्या सुक्या पात्रात भाजायला बसले. आगपेटी संपली म्हणून ड्रायव्हर आमच्या दारात विस्तव मागायला आला. आमच्याकडे मागितलेल्या विस्तवाला नाही म्हणत नाहीत. वैरी आला तरी देतात. काकीने शेणीच्या तुकड्यावर निखारा ठेवून दिला, वर फुंकरही घातली.

दुपारी जीप गेली आणि तासाभरात डोंगर पेटला. अख्खी वाडी हिरव्या डहाळ्या घेऊन धावली. विझवता विझवता अंधार पडला. सकाळी मी वहाळात जाऊन बघितलं. अर्धवट चावलेली हाडं, अंड्याची टरफलं, तेलकट कागद, दगडावर पानाची पिचकारी, आणि मध्ये तशीच सोडलेली चूल. सशाची आतडी मुंग्यांनी काळी झाली होती.

त्याच दिवशी गार्ड पंचनाम्याला आला. धुराने काळवंडलेली सगळी माणसं पारावर जमली. त्याने विचारलं, विस्तव कोणाच्या चुलीतला?

काका म्हणाला, "आमच्याच. मागितला, दिला." वर त्याला त्याचा अभिमानच वाटत होता.

गार्डने विस्तवाचं तेवढंच लिहिलं. मी म्हटलं, जीपचं कुठाय यात? तो म्हणाला, साहेब पाहणीला आले होते. मग कागद माझ्याकडे टाकला, शिकलेला हायेस, तूच वाचून दाखव म्हणाला.

आणि मी वाचला. दोनदा खाकरून, मान वर करून, त्याच्याच आवाजात. त्याची जिरवावी म्हणून. आधी पोरी फिसकल्या, मग म्हातारे. गार्डसुद्धा मिशीत हसत होता, तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की सदर इसमाला यंदा राब भाजायची परवानगी मिळणार नाही. मी तिथे एक जास्तीचं खाकरणं घातलं. सगळ्यात मोठा हशा त्यालाच आला. काकाने हसत हसत अंगठा दिला.

वळवाचे ढग दिसायला लागले तसा काका चिठ्ठी आणायला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. ओटीवर बसला. मला जवळ बोलावलं.

"त्या कागदात काय होतं रे? तुझ्या आवाजात सांग."

मी सांगितलं. साध्या आवाजात ते दोन वाक्यांत संपलं.

काकाने राबाकडे बघितलं. मग म्हणाला, "मंग हसलो कशाला रे आपण?"

काकी आतून म्हणाली, "त्याला नको बोलू. निखारा मी दिलेला."

पाऊस लागला. न भाजलेला राब जागच्या जागी कुजला, त्यात अळ्या पडल्या, आणि शेणापाल्याचा तो आंबूस वास पार घरात यायला लागला. काकाने वरचा थर ओढून काढला आणि तिथेच नाचणी टाकली. ती बोटभर वर आली, हळदीसारखी पिवळी. वाडीतल्या पोरांनी मला गार्ड करून दाखव म्हणून धरलं, तेव्हा मी खाकरलो, तर तोंडात तोच वास. मी थुंकलो आणि घरी गेलो.