थोरलीत जागा फार होती

हॉस्पिटलच्या धुलाई विभागात सगळी नोकरी काढलेल्या कडकबाईंनी रक्त, पू, ओकारी, सगळं पाहिलं होतं आणि नाकाला रुमाल कधी लावला नव्हता. चादरी कडक आणि बोलणं त्याहून कडक, म्हणून हे नाव पडलेलं, आणि ते त्यांना आवडायचंही. आजारी माणूस घाण करतो, त्यात त्याचा काय दोष, असं त्यांचं म्हणणं. त्यांना किळस यायची ती धडधाकट माणसांची. जेवून ताट तिथेच टाकून उठणाऱ्यांची, ओला टॉवेल गादीवर फेकणाऱ्यांची, न्हाणीच्या जाळीत केसांचा गुंता सोडून शीळ घालत बाहेर पडणाऱ्यांची. आणि असली माणसं बाईंच्या घरात कधी कमी पडली नाहीत. त्याला कारण नवरा.

नवऱ्याला सगळं जग दादा म्हणायचं. दादांना 'नाही' हा शब्दच येत नव्हता. भाऊ, भावजय, त्यांची मुलं, त्या मुलांचे मित्र, दादांच्या छापखान्यातल्या नोकरीतला कोणी जुना सोबती, कुणीही "दोन दिवस येऊ का?" म्हणायचा अवकाश, दादांचं "अरे, विचारतोस काय?" तयार. दोन दिवसांचे दोन महिने व्हायचे. लोक म्हणायचे, दादा म्हणजे राजा माणूस. राजाचं काय जातंय? चादरी राणीने धुवायच्या. हॉस्पिटलात दिवसभर परक्यांच्या आणि घरी आल्यावर सासरच्यांच्या. धाकट्या दिराची तर एक उशीच ठरलेली होती. तिच्यावरचा डोक्याएवढा तेलकट डाग कशालाच दाद देत नव्हता. बाई ती उशी दोन बोटांत धरून उचलायच्या.

सुटका एकच होती, शिडाची बोट. चाळिशीत दोघं गंमत म्हणून बंदरावरच्या क्लबात शिकायला गेले. तिथली बोट एवढीशी, तिसऱ्याला बरोबर न्यायची सोयच नव्हती. शीड भरलं, किनारा मागे पडला की दादांमधले दादा गळून पडायचे आणि नुसता नवरा उरायचा. तो कमी बोलायचा, वाऱ्याकडे बघायचा, न सांगता थर्मासमधला चहा ओतून द्यायचा. त्या माणसावर बाईंचा जीव होता. पण तो भेटायचा महिन्यातल्या एखाद्या दुपारी. निवृत्त झाल्यावर जुनी का होईना, स्वतःची बोट घ्यायची आणि निम्मं वर्ष तिच्यावरच राहायचं, हे तेव्हाच ठरलं होतं. बाईंना बोट हवी होती म्हणजे तो माणूस हवा होता, रोजचा.

निवृत्तीनंतर बोटींच्या दलालाच्या आवारात दोन मनासारख्या सापडल्या. एकाच कारखान्यातल्या, एकाच धाटणीच्या, पांढऱ्या अंगाला सारखीच निळी पट्टी. फरक लांबीचा. एक अठ्ठावीस फुटी, दुसरी चौतीस. आवारातली माणसं त्यांना धाकटी आणि थोरली म्हणत. दोन्ही पाण्याबाहेर काढून लोखंडी टेकूंवर उभ्या केलेल्या.

धाकटीत पुढे दोघांपुरता पलंग, मध्ये टेबल, एका अंगाला आखूड बाक. दुसऱ्या अंगाचा बाक आधीच्या मालकाने काढून तिथे कपाट केलं होतं. दादांना आत मान वाकवून उभं राहावं लागे. थोरलीत मान ताठ, ओटा ऐसपैस, आणि मागे आणखी एक केबिन, दार असलेली, दोन पलंगांची. तिचा नांगर जड, मोठं शीड त्याहून जड. ते चढवायला दोन माणसं लागतील, हे दलालाने आपणहून सांगितलं.

बाईंनी दोन्हींच्या फळ्या उचलून तळ बघितला. धाकटीच्या तळाशी काळं पाणी साचलं होतं, त्याला डिझेलचा आणि कुजका असा मिश्र वास होता. कप्प्यात बुरशी, आणि बुरशीत कुणाचा तरी एक मोजा. बाईंनी तो चिमट्याने काढला, शिव्या घातल्या आणि म्हणाल्या, "ही घाण निघेल." थोरली लख्ख होती. पण तिच्या मागच्या केबिनच्या दारात उभं राहून ते दोन रिकामे पलंग त्यांनी बघितले आणि दार ओढून घेतलं. तिथे कोण लोळणार, हे त्यांना आत्ताच दिसत होतं.

"धाकटी घेऊ," त्या म्हणाल्या.

"बघू ना. घाई कशाला?" दादा म्हणाले. "रविवारी परत येऊ."

रविवारी दादांनी धाकट्या भावाला आणि त्याच्या बायकोला बरोबर घेतलं. बाईंना हे गाडीत बसताना कळलं.

दीर थोरलीवर बुटांसकट चढला. मागच्या पलंगावर बुटांसकटच आडवा झाला आणि शेंगा खाऊ लागला. टरफलं गादीच्या आणि भिंतीच्या फटीत.

"वहिनी, ही खोली आपली बरं का."

"आपली म्हणजे?"

"म्हणजे आमची," दीर म्हणाला.

जाऊ खिडकीला वीत लावून बघत होती. "पिवळे पडदे छान दिसतील ना, वहिनी? तुमचा हात शिवणात चांगला आहे." बाई वर कठड्यापाशी गेल्या. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, त्याचा त्यांना भरवसा नव्हता.

दादा आणि दलाल बोटीचं पोट बघायला खाली उतरले. तेवढ्यात दिराला संडासाची आठवण झाली. झाकणावर दलालाने 'वापरू नये' असा कागद चिकटवला होता. दिराने तो सोलून बाजूला ठेवला, काम उरकलं, पाणी येईना म्हणून पिण्याच्या पाण्याची बाटली ओतली आणि शेजारचा हातपंप जोरजोरात मारला. बोट पाण्यात असती तर सगळं समुद्राला गेलं असतं. पण बोट टेकूंवर होती. खालून दलालाचा आवाज आला, आणि त्याने उच्चारलेला शब्द गिऱ्हाइकासमोर कुणी उच्चारत नाही.

बाईंनी कठड्यावरून वाकून पाहिलं. थोरलीच्या कुशीतल्या भोकातून दिराची कमाई थेट दादांच्या बुटांवर आणि पँटवर उतरली होती. दलाल चार हात मागे सरकून उभा होता. दीर बाहेर येऊन पोट धरधरून हसला. जाऊ तोंडात रुमाल कोंबून हसली. आणि दादाही हसले. भावाच्या घाणीत उभा राहून तो माणूस खुशाल हसत होता, आणि हसता हसता त्याने वर हात केला.

"अगं, तुझ्या पिशवीत फडकी आहेत ना? दोन टाक खाली. आणि वरचंही जरा बघून घे. होतं असं माणसाकडून."

पिशवीत फडकी होती. बाईंनी पिशवीचं तोंड घट्ट धरून ठेवलं. त्यांना मळमळलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते नवऱ्याकडे बघून. आजवर त्या स्वतःची समजूत घालत आल्या होत्या, की दादा बिचारे भिडस्त आहेत. भिडस्त कसले? चांगुलपणा यांचा आणि फडकं माझं. असा चांगुलपणा कुणालाही परवडेल.

फडकं येत नाही म्हटल्यावर दादांनी खिशातला इस्त्रीचा रुमाल काढून पुसलं. आवारातल्या माणसाने पाण्याची नळी आणली.

दलालाच्या खोलीत टेबलापाशी बसल्यावर दादांनी बायकोचा चेहरा पाहिला. "बरं बाई, तुझ्या मनासारखं होऊ दे. धाकटीच घेऊ." बाईंना खरंच भरून आलं. मघाचं सगळं क्षणभर पुसलं गेलं. वाटलं, कळलं शेवटी याला. तेवढ्यात दादा खिडकीकडे वळले आणि बाहेर उभ्या भावाला म्हणाले, "धाकटी घेतोय रे. पण तू नको काळजी करू. सुकाणूपाशी बाहेर बाक आहेत, गाद्या टाकल्या की दोघं मजेत झोपाल."

बाईंचा उमाळा जागच्या जागी आटला. अठ्ठावीस फूट काय आणि चौतीस काय. हा माणूस होडक्यातही चार पाहुणे कोंबेल, आणि वल्ही मला मारायला लावेल.

त्यांनी दलालाला विचारलं, "धाकटी एकट्या माणसाला झेपते?"

"आरामात. सगळ्या दोऱ्या मागे सुकाणूपाशी आणल्यात. आधीचे मालक म्हातारे होते, एकटेच जायचे."

"आणि बाईला?"

ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून उचलून घट्ट झालेल्या त्यांच्या मनगटांकडे दलालाने पाहिलं. "तुम्हाला तर थोरलीही जमेल."

"थोरली नको."

दलालाने कागद पुढे ओढला. "नावं दोघांची घालू?"

"एकच," बाई म्हणाल्या आणि स्वतःचं नाव सांगितलं. पैसे बाईंच्याच निवृत्तीचे होते, तेव्हा दलालाची हरकत असायचं कारण नव्हतं.

दादा हसले. मग हसण्यात साथ द्यायला कुणी आहे का, ते त्यांनी पाहिलं. दलाल मान खाली घालून लिहीत होता.

"आणि मी गं?"

"तुम्ही या की," बाई म्हणाल्या. "पण आधी विचारून यायचं. आणि एकट्याने यायचं."

दादांच्या पायांपासून वास येत होता, आणि तो आता त्यांनाही आला असावा, कारण त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग परक्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या आवाजात त्यांनी विचारलं, "मग कधी येऊ?"

बाईंनी सही केली आणि पेन दलालाला परत दिलं.

"कळवते," त्या म्हणाल्या.