आमच्या दोन ट्यूबा

लाखांदूरच्या आमच्या लॅबमध्ये सिकलसेलच्या, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्तातल्या दोषाच्या, तपासण्या फार. औषध घातलेल्या ट्यूबमध्ये थोडं रक्त सोडायचं, जरा थांबायचं आणि ट्यूब काळ्या रेघांच्या कार्डासमोर धरायची. रेघा दिसल्या तर रक्त चांगलं. ट्यूब गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर सिकल. पण औषधच बिघडलं असेल तर? म्हणून रोज सकाळी पेशंटच्या आधी दोन ट्यूबा लावायच्या, एक खात्रीच्या चांगल्या रक्ताची, एक खात्रीच्या सिकलच्या रक्ताची. याला कंट्रोल म्हणतात. दोन्ही ठीक आले तरच पुढचं काम.

चांगलं रक्त माझं असायचं. सिकलचं माझ्या धाकट्या भावाचं.

आईबाप तेच. दोघांच्याही रक्तात हा दोष अर्धा आहे. मला त्यातलं काहीच आलं नाही, त्याला दोघांकडूनही आलं. आमचं घर तलावात मासे धरणाऱ्यांचं, आणि त्याला थंड पाण्यात उतरायची बंदी, कारण उतरला की हाडं ठणकायची. मग तो काठावर बसून मासे निवडायचा आणि पाण्यातल्यांना अक्कल शिकवायचा. रक्त द्यायला गावाहून एसटीने यायचा, बाही वर करून ऐटीत स्टुलावर बसायचा.

"मी पॉझिटिव्ह आलो का तुमचे डॉक्टर खुश," तो मला, मोठ्या बहिणीला, म्हणायचा. "असा पेशंट दुसरा हाये काय, बाई?"

"गप बस. हात हलवू नको."

या उन्हाळ्यात त्याला श्वास लागला म्हणून भंडाऱ्याला नेलं. तिथेच तो गेला. पवनीला वैनगंगेत राख सोडली, तेरवी झाली, आणि दुसऱ्या दिवशी मी बस धरून कामावर आले. मी रडले नव्हते. लोक म्हणाले, पोरगी घट्ट मनाची आहे. घट्ट कसली, आत काही हलतच नव्हतं. भाजी चिरायला सांगितली की चिरत होते, जेवायला वाढलं की जेवत होते.

फ्रिज उघडला तर त्याची ट्यूब माझ्या ट्यूबशेजारी होती. असं रक्त थंडीत काही आठवडे टिकतं. मी दोन्ही काढल्या, रोजच्यासारखी तपासणी लावली. त्याचं गढूळ झालं, रेघा गेल्या. कंट्रोल बरोबर आला, म्हणून मी पेशंट घ्यायला लागले. माणूस गेला तरी त्याचं रक्त अजून नोकरीवर होतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

घरी कधीतरी हे बोलून गेले. आई तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "तुह्या फ्रिजात त्याचं रगत हाये काय अजून?"

"हाये."

"मंग त्याले तिथं थंडी नाई लागत?"

मी उठून पाणी प्यायले.

ट्यूब तळाला आली तशी डॉक्टर म्हणाले, "मॅडम, नवीन कंट्रोल बघायला पाहिजे." ते खाली बघून बोलत होते. सानगडीकडची एक मुलगी गोळ्या न्यायला आमच्याकडे येते, कॉलेजात शिकते, तिलाही सिकल आहे. ती रक्त द्यायला तयार झाली. पण नवीन रक्त असं सरळ वापरता येत नाही. आधी जुन्यासोबत लावून दोन्ही सारखे येतात का, ते बघावं लागतं. आणि जुनं फक्त एका वेळेपुरतं उरलं होतं.

मला ते वापरायचं नव्हतं. ठेवून काय करणार होते, तेही माहीत नव्हतं. टिकून टिकून ते किती टिकणार होतं? पण मुलगी बाही वर करून त्याच स्टुलावर बसली होती, आणि बाहेर बाकावर नवी लग्नं ठरलेली माणसं तपासणीसाठी खोळंबली होती. मी तिचं रक्त घेतलं. मग त्याचं उरलेलं सगळं ओढून तपासणीच्या ट्यूबमध्ये सोडलं. रिकामी ट्यूब ब्लीचच्या पाण्यात टाकली, नियमच तसा आहे.

कार्डासमोर तीन ट्यूबा उभ्या केल्या, त्याची, तिची आणि माझी. त्याची गढूळ झाली. तिचीही तशीच झाली.

मुलगी वाकून बघत होती. माझ्या ट्यूबवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, ह्या एकीतून रेघा दिसून राहिल्या. हे बिघडली काय?"

"नाही," मी म्हणाले. "ती माझी आहे. ती चांगली आहे."

एवढं सांगताना मला लाज वाटली. आणि इतके दिवस न आलेलं रडू तिथे, त्या परक्या पोरीसमोर आलं.